विष्णुपुरीच्या अंगणात हुदहुद

नांदेडहून लातूरकडे निघालं की शहर मागे पडताच विष्णुपुरी लागते. गोदावरीवरचा बंधारा, विद्यापीठ, मोठा सरकारी दवाखाना आणि भोवती वाढलेल्या वसाहती. आमच्या आपांचं घर तिथंच. पुढे एक पेरू आणि मेथीचा वाफा.

जानेवारीत चार दिवस राहायला गेले होते. फज्रनंतर चहा घेऊन ओसरीत बसले, तर वाफ्यात एक पक्षी चालत होता. अंग बदामी, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, चोच लांब आणि किंचित वाकलेली. मला वाटलं, सुतारपक्षी. पण सुतार झाडाला चिकटतो. हा जमीन सोडेना. चोच मातीत खुपसायची, दोन पावलं चालायचं, पुन्हा खुपसायची. एक अळी ओढून काढली, आपटली, वर उडवून घशात झेलली. दूधवाल्याची गाडी वाजली तसा डोक्यावरचा तुरा पंख्यासारखा उघडला.

"खाला, हुदहुद आहे तो!" भाची म्हणाली.

मला शरमच वाटली. सूरह नम्ल कितीदा वाचली असेल! हजरत सुलैमान अलैहिस्सलाम यांच्या लष्करातून गैरहजर राहिलेला, सबाच्या राणीची खबर आणणारा हुदहुद. नाव तोंडपाठ, पक्षी ओळखता आला नाही. २०१४ साली विशाखापट्टणमला धडकलेल्या वादळालाही ओमानने सुचवलेलं हेच नाव होतं.

दूल्हाभाईंनी नेमकी आदल्या दिवशी मुंग्या आणि अळ्यांसाठी विषारी पावडर आणली होती. अबू दाऊदमधील हदीसमध्ये चार जीवांना मारण्याची मनाई आहे: मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि सुरद, म्हणजे खाटीक पक्षी. त्यांनाही ती ठाऊक होती. "पण मेथी जाते त्याचं काय?" ते म्हणाले. प्रश्न खोटा नव्हता. आपांनी पावडर कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो उन्हात पडलेला दिसला. पंख, शेपूट जमिनीवर पसरलेले, मान मागे. भाची रडायलाच लागली. आपांनी दूल्हाभाईंकडे असं पाहिलं की ते बिचारे किल्ली शोधायला धावले. पावडरीचा पुडा बंदच होता. तेवढ्यात हुदहुद उठला, पंख झटकले आणि भिंतीवर जाऊन बसला. ऊन खात होता, दुसरं काही नाही.

मार्चमध्ये आपांचा फोन आला. भिंतीच्या भोकात घरटं झालंय, नर मादीला चारा आणून देतो, पण वास असा की जवळ उभं राहवत नाही. मी सांगितलं, भोक बुजवू देऊ नका. तो घाण वास मादीच्याच अंगातल्या स्रावाचा, अंडी-पिलांच्या हिफाजतीसाठी असतो. मेथीचं विचारायचं राहूनच गेलं.