अब्बांच्या खाटेचा बाक

मालेगावात वस्तू सहजासहजी मरत नाही. कित्येक कारखान्यांतले पॉवरलूम दुसऱ्या गावांतून जुने म्हणूनच इथे आले आणि अजून खडखडत आहेत. प्लॅस्टिकचे भंगार वितळून त्याचे शेतीसाठी पाइप होतात. तरी घराच्या माळ्यावर काही ना काही पडून राहतेच. आमच्याकडे सासऱ्यांची, म्हणजे अब्बांची, खाट होती.

अब्बांच्या इंतकालानंतर दोन वर्षे ती कोणी हलवली नाही. सुतळी तुटली होती, एका टोकाला वाळवी लागली होती. भंगारवाला जळणाच्या भावाने मागायचा. सासूबाई, ज्यांना आम्ही अम्मी म्हणतो, एवढेच म्हणायच्या, “राहू दे, दुल्हन.”

त्याच काळात अम्मींचे बाहेर बसणे थांबले. अस्रनंतर आमच्या गल्लीतल्या बायका उंबऱ्यावर, ओट्यावर बसतात. कोणाकडे बाळ झाले, कोणाच्या घरी काम बंद आहे, हे तासाभरात कळते. अम्मींच्या गुडघ्यांना इतके खाली बसणे जमेना. दारात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती. 40 अंशांपलीकडच्या उन्हाने ती कडक झाली आणि एक दिवस तिचा पाय तडकला. अम्मी पडता पडता वाचल्या. त्यानंतर त्या आत, पंख्याखाली, एकट्या.

“खाटेचा बाक करू या का?” असे मी विचारले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “कापा. पण पाय तसेच ठेवा. ते त्यांनी स्वतः निवडून आणले होते.”

शुक्रवारी कारखाने बंद असतात. जुम्याच्या नमाजनंतर मिस्टरांनी करवत काढली. बाजूच्या 6 फुटी दांड्या साडेतीन फुटांच्या केल्या. वाळवीचा भाग त्यातच गेला. रुंदी दीड फूट ठेवली. उरलेल्या चांगल्या लाकडातून पाठ आणि दोन्ही बाजूंचे हात झाले. हात हवेतच, कारण गुडघे दुखणारे माणूस त्यांवर भार देऊन उठते. बैठक जमिनीपासून 18 इंचांवर यावी म्हणून पायांखाली ठोकळे बसवले आणि त्यांच्या तळाला जुन्या टायरचे तुकडे ठोकले. त्यामुळे ओली जमीन लाकडाला लागत नाही.

विणायला जुन्या पॉलिएस्टर साड्या आणि ओढण्या घेतल्या. सुती कापड मऊ असते, पण पावसात भिजून कुजते. चार बोटे रुंद पट्ट्या फाडून मी पीळ देत होते, तेवढ्यात अम्मींनी टोक माझ्या हातातून घेतले. तरुणपणी त्यांनी घरी बसून चरख्यावर हजारो कांड्या भरल्या होत्या. ताण कुठे द्यायचा, कुठे सोडायचा, हे त्यांच्या बोटांना सांगावे लागले नाही. मगरिबच्या अजानपर्यंत अर्धी बैठक विणून झाली. त्या दिवशी त्या अब्बांबद्दल खूप बोलल्या.

आता अस्रनंतर त्या बाहेर असतात. मागच्या गल्लीतली एक बाळंतीण घरात एकटी आहे, हे त्यांना त्या बाकावरच कळले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरून तिला डबा जाऊ लागला.

बहिणींनो, इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनला मान्य नाही हे आपण मुलांना ताटात अन्न टाकताना सांगतो. माळ्यावरच्या सामानाकडेही तसेच पाहावे. काही गोष्टी मात्र सांभाळा. बाक गल्लीच्या वाटेत येऊ देऊ नका. लोखंडी वस्तूचा गंज पॉलिश पेपरने घासून आधी रेड ऑक्साइड लावा, मग ऑइल पेंट. टायरचा स्टूल केला तर खालून भोके पाडा. आत साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. आणि ज्या वस्तूत कोणाची आठवण आहे, तिला करवत लावण्याआधी त्या माणसाला विचारा.

भंगारवाला आला की अम्मी आता त्याची गाडी थांबवून आत काय आहे ते बघतात. मागच्या आठवड्यात शिलाई मशीनचा लोखंडी पाया घेतला. त्यावर फळी टाकून टेबल होईल, म्हणाल्या. आलेल्या बायकांचा चहा ठेवायला.