रंगाचे हात

मराठीत रंगाच्या थरास 'हात' म्हणतात. भिंतीला दोन हात दिले, दरवाजाचा शेवटचा हात राहिला, असे आपण सहज बोलून जातो. कुंचल्याच्या काळी हा शब्द अक्षरशः खरा होता. मोटारीच्या रंगकामात मात्र पत्र्याला ना हात लागतो, ना कुंचला. रंग हवेतून जाऊन बसतो. तरीही धुळे-जळगावच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गाळ्यांत आजही 'प्रायमरचा एक हात, रंगाचे तीन' असाच हिशेब चालतो. मोटारीचा सुटा भाग रंगविण्यासाठी स्प्रे कॅन घ्यावा की स्प्रे गन, हा वरकरणी किरकोळ प्रश्न आम्हांला या शब्दाच्या आधाराने तपासावासा वाटतो. कोणत्या साधनात रंगविणाऱ्याचा हात किती उरतो, आणि त्यापायी त्याला काय मोजावे लागते?

आमच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो जुन्या मोटारीमुळे. तिच्या बॉनेटचा रंग खानदेशच्या उन्हाने विटला होता आणि उजव्या आरशाचे प्लॅस्टिकचे टोपण खरवडले गेले होते. काम दोन भागांचे. पण सल्ले देणाऱ्यांचे पंथ स्पष्ट होते. डबेवाले म्हणत, घरबसल्या होईल. गनवाले म्हणत, डबा म्हणजे पोरखेळ.

दोन्ही साधने मुळात मोटारीसाठी जन्मलेली नाहीत. अमेरिकेतील टोलेडो शहरी ॲलन डिव्हिल्बिस नावाचे डॉक्टर घशाचे रोगी तपासत. औषध घशात नीट पोहोचावे म्हणून त्यांनी फवारा उडविणारे उपकरण तयार केले आणि १८८८ साली त्याचा व्यवसाय सुरू केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचे चिरंजीव टॉमस यांनी त्याच तत्त्वावर रंगाची गन बनविली. पुढे १९२० च्या दशकात ड्यु पाँट कंपनीचे 'ड्युको' हे झटपट वाळणारे लॅकर आले आणि मोटार रंगविण्याचे आठवडे दिवसांवर आले. त्या मालाचे नाव आपल्याकडे सामान्यनाम होऊन बसले. फर्निचरवाले आजही गुळगुळीत चकचकीत रंगाला 'ड्युको' म्हणतात. डबा त्या मानाने धाकटा. वायूच्या दाबाने द्रव फवारणारा डबा नॉर्वेच्या एरिक रोथाइम यांनी १९२० च्या दशकात शोधला. त्यात रंग भरला तो एडवर्ड सीमोर यांनी, १९४९ साली, इलिनॉय राज्यातील सिकॅमोर गावी. घरे उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरांसाठी केलेला ॲल्युमिनियम रंग त्यांना लोकांना दाखवायचा होता. डब्याची कल्पना त्यांच्या पत्नी बॉनी यांची.

डब्यातला रंग म्हणजे कारखान्यात आधीच घेतलेल्या निर्णयांचा संच होय. थिनर किती, तोटीचे भोक केवढे, दाब किती, हे सारे दुसऱ्या कोणी ठरवून टाकलेले असते. आपल्याकडे उरतात तीनच गोष्टी: अंतर, वेग आणि एक बोट. डबा हलवताना आत गोळी खुळखुळते, ती तळाशी बसलेला रंग ढवळते. सलग फवारले तर द्रवरूप वायूचे बाष्प होताना डबा गार पडतो, दाब उतरतो आणि फवाऱ्याऐवजी थेंब पडू लागतात. म्हणून थांबत थांबत काम करावे लागते. लहान, वळणदार भागाला हे सारे चालते. बॉनेटसारख्या सपाट, रुंद पत्र्यावर मात्र फवाऱ्याचा अरुंद पट्टा उघडा पडतो आणि तिरप्या उजेडात पट्ट्यांचे सांधे दिसतात.

गनमध्ये निर्णय आपल्या हाती येतात. हवा, रंग आणि फवाऱ्याची रुंदी यांचे निरनिराळे स्क्रू असतात. रंगासाठी व क्लिअरसाठी साधारण १.३ ते १.४ मिलिमीटरची नोझल, जाड प्रायमरसाठी त्याहून मोठी. कप भरण्याआधी थिनर किती घालायचा ते दिवस पाहून ठरते. मात्र या स्वातंत्र्याला लवाजमा लागतो: कॉम्प्रेसर, हवेतले पाणी अडविणारा फिल्टर, प्रत्येक वापरानंतर गनची धुलाई, आणि मुख्य म्हणजे वीज. २००५ नंतरच्या दोन-तीन वर्षांतले भारनियमन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अर्ध्या हातावर थांबलेला कॉम्प्रेसर म्हणजे काय ते सांगायला नको.

खानदेशात हा वाद हवामानाच्या दरबारी जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. रंगाचा कण पत्र्यापर्यंत पोहोचण्याआधीच अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत किंवा संत्र्याच्या सालीसारखा होतो. गनवाला यावर सावकाश उडणारा थिनर वापरतो, पहाटे काम उरकतो, धूळ बसावी म्हणून गाळ्यात पाण्याचा सडा घालतो. डबेवाल्यालाही पहाट आणि सडा उपलब्ध आहे. थिनर बदलणे नाही. शिवाय ५० अंशांवर तापू देऊ नये अशी सूचना डब्यावर छापलेली असते, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत पारा ही मर्यादा सहज ओलांडतो. रंग जुळविण्याचेही तसेच. डबा कंपनीच्या रंगक्रमांकाप्रमाणे मिळतो. पण बारा-पंधरा उन्हाळे सोसलेल्या गाडीचा लाल हा त्या क्रमांकाचा लाल राहिलेला नसतो. रंगारी कागदावर थेंब टाकून, उन्हात धरून, डोळ्यांनी तो जुळवतो. कंपनीचा क्रमांक नव्या गाडीचा असतो, डोळा समोरच्या गाडीचा.

इथवर वाचून आम्ही गनच्या पक्षाचे आहोत असे वाटेल. साहित्याच्या वर्तुळातही हस्तकौशल्याची बाजू घेणे सोपे असते. तयार वस्तू उणी, घडविलेली थोर, हा निवाडा आपण फार विचार न करता देतो. पण धुळ्याच्या एका रंगाऱ्याने गन धुता धुता अहिराणीत सांगितले, "अर्धा रंग ते हवामाच जास, सर." जुन्या धाटणीच्या गनच्या बाबतीत हे खरेच आहे, निम्म्याहून अधिक रंग पत्र्यावर बसतच नाही. कमी दाबाच्या नव्या गन हे प्रमाण सुधारतात, पण धुके संपवत नाहीत. आणि ते धुके जाते कुठे, याचे उत्तर समोरच होते. रंगाऱ्याच्या नाकातोंडावर फक्त रुमाल बांधलेला होता.

आजचे टिकाऊ क्लिअर कोट हार्डनर मिसळून मारले जातात, आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. हा शब्द आपल्या कानी पडला तो १९८४ साली भोपाळमुळे. तिथला वायू वेगळा आणि कितीतरी घातक. हार्डनरमधले रसायन त्याच कुळातले, कमी उडणारे. पण फवारा झाला की तेही श्वासात शिरते. त्यामुळे रंगाऱ्यांना दमा जडतो आणि एकदा शरीर बिथरले की अगदी थोडा संपर्कही पुरतो. रुमालाने हे अडत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा लागतो. साध्या डब्यात हार्डनर नसतो, म्हणून त्याचा थर पेट्रोलच्या थेंबाने विरघळतो. त्याच उणिवेमुळे तो फुप्फुसाला त्यातल्या त्यात कमी जाचक आहे, अर्थात मोकळी हवा व मुखवटा त्यालाही हवाच. हार्डनरचे डबेही निघाले आहेत. त्यांना गनचेच नियम लागू.

कपाशीच्या मुलुखात 'फवारणी' हा शब्द निष्पाप नाही. २०१७ साली शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेतातले मृत्यू मोजले गेले. गाळ्यांतला खोकला कोणी मोजत नाही. घशाच्या रोग्यासाठी निघालेले उपकरण शंभर वर्षांत रंगाऱ्याच्या छातीवर उलटावे, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

शेवटी आरशाचे टोपण आम्ही डब्याने रंगविले: बारीक वॉटर पेपरने घासून, प्लॅस्टिकचा प्रायमर देऊन, गच्चीवर, सकाळी सहाच्या सुमारास, पातळ पातळ चार हात. बॉनेट गनला दिले, कारण ते गनचेच काम होते. भाव सांगताना रंगाऱ्याने लांबी, प्रायमर, रंग, क्लिअर आणि मजुरी अशी यादी वाचली. मुखवट्याचा त्यात उल्लेख नव्हता. तो कोणाच्या खर्चात धरायचा, असे विचारल्यावर तो म्हणाला, गिऱ्हाईक भाव पाडते तेव्हा सामान कमी करता येत नाही, पत्र्यावर दिसते. कमी होते ते न दिसणारे.

डब्याने रंगविताना श्वास आपला असतो, म्हणून आपण गच्ची शोधतो. गनला काम दिले की श्वास दुसऱ्याचा होतो, आणि आपण फक्त तकाकी पाहतो. यादीत मुखवट्याची ओळ घालून घेणे, निदान तिच्यावर घासाघीस न करणे, एवढे तरी गिऱ्हाइकाच्या हातात आहे.