पावसाची वही

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. कचेरीच्या आवारात तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक होता. त्याची नोंद सकाळी साडेआठला व्हायची. देशभर हीच वेळ ठरलेली. काचेचं मापपात्र डोळ्यांसमोर धरून दादा आकडा मोठ्यानं म्हणायचे आणि मी तो वहीत लिहायची. अडीच मिलिमीटर झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरायचा, हे मला पाढ्यांच्या वयातच कळलं.

पुढे डी.एड. करून बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. मुलं बंजारा, घरी गोरमाटी बोलणारी. परिसर अभ्यासाच्या तासाला वर्ग चिडीचूप असे. तास सुटला की हीच मुलं आभाळाकडे बघत, पावसाची सर आज येणार की उद्या, यावर त्यांच्या बोलीत कडाकडा भांडत. शालेय शिक्षणात पर्यावरणाचा विषय सक्तीचा करावा असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सांगितलं, पण बहुतेक शाळांत तो कात्रणं चिकटवलेल्या प्रकल्पवहीपुरता उरला. मला दादांची वही आठवली.

पर्जन्यमापकासाठी शीतपेयाची बाटली कापून तिचं तोंड उलटं बसवलं, म्हणजे पाण्याची वाफ कमी होते. बुडाशी बाटली सरळ नसते. तिथं खडे टाकून वर पाणी भरलं आणि त्या पातळीला शून्य धरून पट्टी चिकटवली. झाडापासून, भिंतीपासून लांब, मोकळ्यावर ठेवली. वहीत दोन रकाने आखले. पहिल्यात मुलं गोरमाटीत, देवनागरी अक्षरांत लिहीत. दुसऱ्यात तेच मराठीत. पहिला रकाना भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. वर्ग बोलू लागला.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर. त्या पावसाळ्यात आम्ही हिशेब मांडला: १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, ५० मिलिमीटर झाला की एका हेक्टरावर ५ लाख लिटर. म्हणजे आख्खी रेल्वे! चौथीतली एक मुलगी शेजारणीशी गोरमाटीत काहीतरी कुजबुजली, मग उभी राहून मराठीत म्हणाली, “बाई, मग आपल्या शिवारातली गाडी जाते कुठं?” त्या प्रश्नामागे आम्ही सगळे ओढ्यापर्यंत चालत गेलो. बांध कुठे फुटलाय, माती कुठून वाहते, ते मुलांनीच दाखवलं. माझ्या नोकरीतला हा सर्वांत चांगला तास.

दिवाळीच्या आगेमागे निम्मा वर्ग आईबापांच्या कोयत्याबरोबर ऊसतोडीला जातो. पावसाची वही मात्र मुलं गावात असतात त्याच महिन्यांत चालते, म्हणून ती पुरी होते. शिकवणं शक्यतो मातृभाषेतून असावं, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो. त्या ‘शक्यतो’च्या आडून तांड्यांच्या, पाड्यांच्या भाषा वर्गाबाहेर राहिल्या, हे बरं नाही. सेमी इंग्रजी आल्यावर आम्ही तिसरा रकाना आखला. इंग्रजी मुलांना हवीच आहे. पण ती तिसऱ्या रकान्यात.

शिक्षक मित्रांनो, जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात बाटली बसवा. आणि पहिली नोंद मुलांना त्यांच्या घरच्या भाषेत लिहू द्या.