जे टिपलेच नाही, ते मोठे कसे होणार?

डिंगोऱ्याच्या आमच्या घरात भिंतीवर तीन तसबिरी आहेत. मध्ये तथागत, उजवीकडे परमपूज्य बाबासाहेब आणि डावीकडे, थोडी खाली, माझी आई. पहिल्या दोन तसबिरी उंबऱ्यातून ओळखू येतात. आईची मात्र जवळ जाऊन पाहावी लागते.

आईने जन्मभर लोकांच्या वावरात कांदे लावले, कांदे काढले. फोटो काढून घ्यायला ती कधी उभी राहिली नाही. ती गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी फोटो हवा म्हणून शोधाशोध केली. मिळाला तो ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा. तोच मोठा करून घेतला. फोटोवाला म्हणाला, "दादा, मूळ फोटोत जे नाही ते मी कुठून आणू?" कपाळावरच्या आठ्या गेल्या, डोळ्यांच्या जागी काळे ठिपके उरले. धम्मबांधवांनी त्या ठिपक्यांपुढे फुले वाहिली.

म्हणून गेल्या वर्षी लेक म्हणाली, "पप्पा, मला कॅमेरा पाहिजे, लेण्यांतले शिलालेख टिपायचेत," तेव्हा मी तिला गप्प बस म्हणू शकलो नाही. भिशीचे 40,000 रुपये हाती येणार होते. त्यातून घराचे पत्रे बदलायचे ठरले होते. मंडळी म्हणाली, "मोबाईल आहे की हातात! आणखी फोटोचं यंत्र कशाला?" तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. पत्रे गळत होते, हे खरेच होते.

मग मी आणि लेक हिशेबाला बसलो. आम्ही कामगार माणसे. यंत्र घेताना ते किती काम देईल हे आधी पाहतो. आम्हाला जे समजले ते इथे मांडतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पूर्वीच्या भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत आत आरसा असायचा, त्यामुळे ते जाडजूड. 2008 साली पॅनासॉनिकने जी-1 हा आरसा नसलेला, भिंग बदलता येणारा कॅमेरा आणला आणि अशा लहान कॅमेऱ्यांची रांग लागली. आता बाजार त्यांचाच आहे. यांच्यात मुख्य फरक पडतो तो प्रकाश झेलणाऱ्या पाटीचा, म्हणजे सेन्सरचा. 'मायक्रो फोर थर्ड्स' जातीचा सेन्सर 17.3 बाय 13 मिलिमीटरचा. 'एपीएस-सी' साधारण 23.5 बाय 15.6 चा. 'फुल फ्रेम' 36 बाय 24 चा. क्षेत्रफळ काढले तर फुल फ्रेम पहिल्याच्या जवळजवळ चौपट भरतो. पावसात ठेवलेले घमेले जितके मोठे तितके पाणी जास्त, तसेच हे. पाटी मोठी तर अंधारात फोटो कमी दाणेदार. मोबाईलची पाटी या तिन्हींपेक्षा पुष्कळ लहान. उन्हात ती उत्तम काम देते. अंधारात मोबाईल आतल्या आत हिशेब करून चित्र गुळगुळीत करतो, आणि त्या गुळगुळीतपणात अक्षरांच्या कडा जातात.

पण मोठ्या पाटीबरोबर किंमतही वाढते आणि तिला लागणारी भिंगे आणखी महाग. फुल फ्रेम आमच्या भिशीत बसणारे नव्हतेच. दुकानदार मेगापिक्सेलचे आकडे सांगू लागला तेव्हा लेकीने तिथेच गणित केले. 12 बाय 18 इंचाचा फोटो, एका इंचात 300 ठिपके, म्हणजे सुमारे 19 मेगापिक्सेल. आमच्या भिंतीवर याहून मोठी तसबीर लागणार नाही. मग 24 च्या वर पैसे का घालायचे?

खरी परीक्षा लेण्याद्रीला झाली. कंपनीतल्या मित्राने त्याचा जुना एपीएस-सी कॅमेरा एका रविवारी वापरायला दिला. सोबत दोन भिंगे. एक कॅमेऱ्याबरोबर येते ते साधे झूमचे, दुसरे झूम नसलेले, एफ 1.8 चे. ओतूरमार्गे लेण्याद्री गाठले, तिकीट काढले, पायऱ्या चढलो. गर्दी सातव्या लेण्यात गणपतीकडे चालली होती. मूळचा तो भिक्खूंचा विहार. आम्ही शेजारच्या सहाव्या लेण्यात, चैत्यगृहात गेलो. स्तूपापुढे वंदना घेतली आणि मग कामाला लागलो.

आत अंधार. केंद्र सरकारच्या संरक्षित लेण्यांत तिपाई लावायला परवानगी लागते, म्हणून हातातच कॅमेरा धरला. झूमच्या भिंगाने स्तूप हलल्यासारखा आला, अंधाराच्या जागी रंगीत दाणे. ते भिंग पूर्ण लांबवले की एफ 5.6 वर येते. एफ 1.8 चे भिंग त्याच्या नऊपटीहून जास्त प्रकाश आत घेते. ते लावताच त्याच कॅमेऱ्यात स्तूपाची कड, खांबांची रांग स्वच्छ उतरली. कॅमेरा तोच, माणूस तोच, फरक भिंगाचा! काही कॅमेऱ्यांत हाताची थरथर सावरणारी सोय असते, पण ती न हलणाऱ्या स्तूपाला उपयोगी. लग्नात पळणाऱ्या पोराला नाही. भिंग दोन्हीकडे उपयोगी.

या चैत्यगृहाचे दान कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्याचा व्यवहार करणाऱ्याचा, मुलगा सुलसदत्त याने दिले, असे इथला ब्राह्मी लेख सांगतो. त्याच कल्याणला जाणारा रस्ता आज आमच्या डिंगोऱ्यावरून माळशेज घाटात जातो. जुन्नर परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. इथल्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या, धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणींची नावे आहेत. हाताने काम करणाऱ्या माणसांनी दिलेले ते दान. ऊन-पावसाने अक्षरे उथळ झाली आहेत. समोरून पाहिली तर दिसत नाहीत, प्रकाश तिरपा पडला की खाचेत सावली धरते आणि अक्षर उभे राहते. लेकीने त्यासाठी कोपऱ्यात बसून ऊन सरकण्याची वाट पाहिली. ते शहाणपण दुकानात विकत मिळत नाही.

घरी आल्यावर निर्णय झाला. नवा कॅमेरा झूमच्या भिंगासह 65,000 सांगितला होता. तो सोडला. 21,000 चा वापरलेला एपीएस-सी आणि 8,000 चे वापरलेले एफ 1.8 चे भिंग घेतले. घेताना शटर किती वेळा उडाले आहे ते तपासले, भिंगावर विजेरी धरून आत बुरशीचे जाळे नाही ना ते पाहिले. आमच्याकडच्या पावसाळ्यात बुरशी हा भिंगाचा शत्रू, म्हणून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवतो. उरलेल्या 11,000 त गळतीचे पत्रे तेवढे बदलले. मंडळी अर्धी रागावली, अर्धी हसली.

तेव्हा मला नामदेव व्हटकरांची आठवण झाली. डिसेंबर 1956 मध्ये बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण या माणसाने पैशाची स्वतः जुळवाजुळव करून केले. तो दिवस पुन्हा येणार नव्हता. आज आपण ते जनसागराचे दृश्य पाहू शकतो, कारण त्या दिवशी कुणीतरी खर्चाचा विचार बाजूला ठेवून यंत्र चालवले.

कॅमेऱ्यातला पहिला फोटो लेकीने माझ्या आत्याचा काढला. आत्या ऐंशीच्या पुढची. "माझा काय फोटो काढतेस गं, सुरकुत्या नुसत्या!" म्हणून पदर तोंडाला लावत होती. लेकीने तिला उंबऱ्याशी बसवले, दाराचे तिरपे ऊन गालावर येऊ दिले, आणि आईची एक जुनी गोष्ट विचारली. आत्या सांगता सांगता हसली. तेवढ्यात फोटो निघाला. तो 12 बाय 18 चा करून आणला. एक-एक सुरकुती वाचता येते, शिलालेखासारखी.

आत्याने तो हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिला. मग भिंतीकडे बोट करून म्हणाली, "बाळा, तुझ्या आईचा असा पाहिजे होता रे."

मी काही बोललो नाही. वाचक बंधू-भगिनींनो, कॅमेरा महाग असेल, नसेल. मागून आणता येईल, मोबाईल असेल तर तोही चालेल, फक्त माणसाला दाराच्या उजेडात बसवा. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो या रविवारी काढा. पुढच्या नको.

जयभीम!