तिसरा हात

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मराठी आणि अर्थशास्त्र हे माझे विषय. तेव्हा रॅकमध्ये बसवलेले कॉम्प्युटरचे यंत्र बाहेर कसे काढावे, यावर मी लिहावे याचे आमच्या सरांना नवल वाटेल. पण हा विषय मी निवडला नाही. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी पहाटे चार वाजता बोटाला बँडेज बांधून तो आमच्या दारात येऊन उभा राहिला.

माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी आहेत. गाव माण तालुक्यातले. दादा आयटीआय करून महापेकडच्या एका डेटा सेंटरमध्ये कंत्राटदारामार्फत कामाला लागला. आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो, फोटो साठवतो, ते सारे सांभाळणारे सर्व्हर अशा इमारतींत रात्रंदिवस चालू असतात. वडील पोती वाहतात, दादा सर्व्हर वाहतो, आणि माझी फी या दोघांच्या खांद्यांवर आहे. दादाचे बोट म्हणूनच आमच्या घराला परवडणारे नव्हते.

त्या रात्री दोनच्या सुमारास एक जुना सर्व्हर काढायचा होता. असे काम दोघांनी करावे असा नियम आहे; पण दुसरा माणूस वरच्या मजल्यावर पाठवलेला. दादाने एकट्यानेच हात घातला. डावा खटका सुटला, उजवा अडकला. त्याने हिसका दिला तशी उजवी बाजू एकदम मोकळी झाली, यंत्र तिरके झाले आणि उजव्या हाताचे मधले बोट रेल आणि यंत्र यांच्यामध्ये सापडले. चार टाके पडले. नख गेले. दुसऱ्या दिवशी अहवालात एकच शब्द लिहिला गेला : ‘निष्काळजीपणा’.

तो शब्द दादाच्या बोटापेक्षा मला जास्त लागला. कारण आमचा दादा निष्काळजी नाही. घरातला गॅस तो दोनदा तपासून झोपतो.

बोट बरे झाल्यावर मी त्याच्या मागे लागले, “मला दाखव.” आत बाहेरच्या कोणाला सोडत नाहीत. म्हणून त्याने भंगारवाल्याकडून जुन्या रेलची एक जोडी आणि एक रिकामे खोके आणले, दोन फळ्यांना रेल ठोकल्या आणि खोक्यात दहा किलो गव्हाची पिशवी ठेवली. आमच्या एका खोलीत डेटा सेंटर उभे राहिले!

मला कळले ते असे. रॅक म्हणजे उभे लोखंडी कपाट. त्यात बसणाऱ्या यंत्राच्या तोंडपट्टीची रुंदी १९ इंच. हे माप टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून चालत आले आहे. उंची ‘यू’मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, नेमके सांगायचे तर ४४.४५ मिलिमीटर. मोठ्या रॅकमध्ये असे ४२ यू असतात, आणि यंत्रे एकावर एक अगदी खेटून बसवलेली. दोन यू उंचीचा भरलेला सर्व्हर २५–३० किलोंचा सहज असतो. तो टेबलाच्या खणासारखा रेलवर पुढे ओढता येतो. पूर्ण बाहेर आला की ‘खट्’ आवाज होऊन अडकतो. हे चांगलेच, नाहीतर तो सरळ पायावर पडेल. पण रेलवरून उतरवायचा असेल तर दोन्ही बाजूंचे दोन खटके एकाच वेळी दाबायचे आणि दाबलेले असतानाच यंत्र ओढायचे.

मी खटके दाबले. दोन्ही हात तिथेच गुंतले. मग खोके कोणी धरायचे? “दादा, याला तिसरा हात लागतो रे!” मी म्हटले. तो हसला. “म्हणून तर दोन माणसं म्हणतात.”

पण ज्याने तो खटका आखला असेल, त्याच्यासमोर टेबल असेल, उजेड असेल, शेजारी चार माणसे असतील. रात्री दोनला, पंख्यांच्या घरघरीत, हातमोजे घातलेल्या एकट्या माणसाचे काय, हा प्रश्न त्याला पडला नसावा.

वडील खाटेवर बसून आमचा खेळ पाहत होते. ते म्हणाले, “आमच्या जुवाला असलं न्हवतं. बैल खाली बसला तर गाठ सोडायला येळ कुठला? म्हणून जोत्याला पक्की गाठ मारायचीच न्हाई, शिवळंला नुसतं आडकवायचं. वढलं की बैल मोकळा.” ते ऐकून मला वाटले, हेच उत्तर! एका हिसक्यात मोकळे व्हायला हवे.

पण दादाने मान हलवली. “तसं केलं तर तीस किलो पायावर येतील. बैल सुटला की आपल्या पायांवर उभा राहतो. सर्व्हरला पाय नाहीत.”

त्याचे खरे होते. उत्तर सापडले ते आईच्या कुकरपाशी. भूक लागली म्हणून मी शिट्टी पूर्ण निवायच्या आत झाकणाला हात घातला. आई ओरडली, पण झाकण काही निघाले नाही. आमचा कुकर आतून झाकण बसणारा. आतली वाफच झाकणाला काठाशी दाबून धरते. वाफ आहे तोवर ते उघडत नाही, आणि ती गेली की हाताला लगेच येते. म्हणजे सुटकेचे दोन प्रकार झाले. जुवाचे जोते भार असतानाच सुटले पाहिजे. कुकरचे झाकण भार असेपर्यंत सुटताच कामा नये. सर्व्हर हा दुसऱ्या जातीचा. त्याचा भार माणसाने आधी हातांवर घेतला पाहिजे, मगच तो सुटावा.

दादाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “अशा रेल आहेत की! नव्या हॉलमध्ये आहेत.” त्यांत यंत्राच्या बाजूंना गोल खुंट्या असतात, आणि रेलला इंग्रजी ‘जे’ अक्षरासारख्या खाचा. खुंट्या वरून खाचांत उतरतात आणि यंत्राच्या स्वतःच्या वजनाने तिथे बसून राहतात. काढताना खटका सोडला तरी यंत्र पडत नाही. खालून धरून वर उचलल्याशिवाय ते खाचेतून निघतच नाही. वजन हाच पहारेकरी! उचलायला माणसे दोनच हवीत, रॅकच्या वरच्या भागासाठी तर लिफ्टची गाडीच हवी. पण चूक झाली तर बोट तरी वाचेल. काही कंपन्या तर हात कुठे लावायचा ती जागा निळ्या रंगाने दाखवतात.

म्हणजे उपाय आहे. मग ‘निष्काळजीपणा’ हा शब्द कोणाच्या नावापुढे लिहायचा?

मी कॉलेज सोडून कामाला लागते, असे मी त्या पावसाळ्यात म्हटले होते. दादा रागावला होता. आता मी दुसरे केले. त्याच्या नावाने कंत्राटदाराला अर्ज लिहिला. दोन खटक्यांचे चित्र काढले, तिसऱ्या हाताची अडचण मांडली आणि तीन मागण्या लिहिल्या : अहवालातला शब्द बदलावा, जुन्या रेलच्या हॉलमध्ये रात्री दोन माणसे द्यावीत, नवी खरेदी खाचांच्या रेलची करावी. परीक्षेतल्या पत्रलेखनाला मला दहापैकी सात गुण मिळाले होते. हे पत्र मी चार वेळा लिहून काढले.

उत्तर अजून आलेले नाही. अर्ज साहेबांच्या खणात आहे एवढे कळले.

मागच्या आठवड्यात दादा रात्रपाळीवरून आला आणि चहा पिताना सहज बोलल्यासारखे बोलला, “काल एक जुना सर्व्हर काढायचा होता. मी म्हटलं, दुसरा माणूस येईपर्यंत हात लावणार नाही. पाऊण तास उभा राहिलो.”

“मग?”

“आला की. दोघांनी काढला.”

वडिलांनी बशी खाली ठेवली आणि त्याच्या बोटाकडे पाहिले. नवे नख अर्धे आले आहे.