खालची गिरणी

आमच्या फ्लॅटच्या बरोब्बर खाली पिठाची गिरणी आहे. आम्ही राहायला यायच्या आधीपासूनची. घर बघायला आलो तेव्हा आई तर खूश झाली होती, "बरं झालं, दळणाला लांब जायला नको!"

पुढे बाबांचं बायपास झालं आणि तीच घरघर डोक्यात जायला लागली. मोटर सुरू झाली की पलंग थरथरायचा, मांडणीवरची भांडी वाजायची. दुपारी बाबांचा जरा डोळा लागावा आणि नेमकं कुणाचं तरी ज्वारीचं दळण यावं. शेवटी एक दिवस तडक वकिलांकडे गेलो आणि गिरणीवाल्या काकांना नोटीस धाडली.

उत्तर आलं, "गिरणी आधीपासून आहे, ही मंडळी नंतर आली." मला ते बिनतोड वाटलं. वकील मात्र हसले. त्यांनी लंडनचा एक खटला सांगितला. स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन, १८७९. एका मिठाईवाल्याकडे वीसहून जास्त वर्षं मोठाले खल चालत होते. शेजारच्या डॉक्टरने त्याच भिंतीला लागून रोगी तपासायची खोली बांधली आणि मग आवाजाची तक्रार केली. आणि डॉक्टर जिंकला! खोली होईपर्यंत त्याला दाद मागण्याजोगा त्रासच नव्हता, मग वीस वर्षांच्या वहिवाटीचा हक्क मिळणार कसा, असं कोर्टाचं म्हणणं. शिवाय आपल्याकडे २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहेच. "लढू या," वकील म्हणाले.

घरी येऊन हे सगळं मोठ्या उत्साहात सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नोटिशीआधी खाली जाऊन बोलला होतास का?"

नव्हतो बोललो. रोज त्याच दारावरून जात होतो.

संध्याकाळी गेलो. काका पिठाने पांढरे झालेले हात झटकत म्हणाले, "बाबांचं ऑपरेशन झालं? नोटिशीत नुसती कलमं होती."

दुसऱ्या दिवसापासून गिरणी दुपारी १ ते ४ बंद राहू लागली. मोटरीखाली रबराचे जाड तुकडे आले. कोर्टाची पायरी चढावीच लागली नाही.

फक्त एक झालं. पूर्वी डबा घेताना काका मला "काय रे" म्हणायचे. आता "या साहेब" म्हणतात. नोटीस मागे घेतली, पण ते काही परत आलं नाही.