फटफटीवरून लेह

विट्याच्या माणसाला परमुलुखात पाहुणे शोधावे लागत नाहीत. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली घरेच्या घरे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. जुने दागिने मुशीत घालून वितळवायचे, तेजाबाने सोने-चांदी शुद्ध करायची, सराफाच्या दुकानातली केरमाती जाळून तिच्यातली कणी वेगळी काढायची, असा हा धंदा. माळरानावर पीक हातचे गेले, की घरातला एखादा पोरगा पिशवी उचलून कुणातरी गाववाल्याच्या भट्टीवर जायचा. असे करता करता दोन-तीन पिढ्या झाल्या. लग्नसराईत आणि गावच्या जत्रेला ही मंडळी गावाकडे येतात. आमचा प्रवास झाला तो त्यांच्याच भरवशावर.

२०२२ सालच्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता मोटरसायकलवरून लेहला जाऊन आलो. खरिपाच्या पेरण्या उरकल्या होत्या, भांगलण झाली होती. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी पुढे होती. शेतकऱ्याला एवढीच काय ती उसंत. मागचे सगळे दीर-जावेने अंगावर घेतले. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, "काशीला जायच्या वयात हे कसलं खूळ?" त्यांचेही खरे होते, आम्हा दोघांची पन्नाशी उलटली आहे. पण मालकांची पंधरा वर्षांची जुनी बुलेट आहे, आणि लेह पाहायचे त्यांच्या मनात त्याहून जुने होते. लडाख बाहेरच्या प्रवाशांना १९७४ साली खुले झाले, तेव्हा हे शाळेत होते.

पहिला टप्पा मी लांबवत नाही. मायणी, दहिवडी, फलटण करत अहिल्यानगर, मग धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली. ऊन, धूळ आणि ट्रकांची रांग. उत्तरेतल्या एका मोठ्या शहरात मात्र रात्री गल्ली शोधत एका भट्टीवर पोचलो, तर दारात येरळाकाठची बाई उभी. गावाकडून आलेल्या पिठाची बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि पिठले तिने समोर ठेवले. माझी आणि तिची आधी ओळखदेख नव्हती, पण तासाभरात दोघींच्या माहेरची सोयरीक निघाली. यंदा तिकडे पाऊस कसा आहे, टेंभूचे पाणी कुठवर आले, हे ती खोदून खोदून विचारत होती. तिची पोरे हिंदीतच भांडत होती.

मनालीत एका मिस्त्रीने गाडीचा कार्बोरेटर लावून दिला. उंचावर हवा विरळ होते, पेट्रोल मात्र तेवढेच येते, त्यामुळे इंजिन काळा धूर टाकते आणि ओढ मरते. आपल्या डिझेल इंजिनाची हवेची जाळी तुंबली की पंप जसा रडतो, तसेच. पूर्वी इथून रोहतांगची खिंड चढावी लागायची. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटरांच्या या बोगद्याने मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरांनी कमी केले. बोगद्याच्या अलीकडे हिरवेगार देवदार आणि पाऊस, पलीकडे निघालो तर उघडे डोंगर आणि निळे आभाळ. सह्याद्रीचा घाट उतरून माणदेशात यावे तसे वाटले. तांदीला चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम आहे. तिथे पेट्रोल भरून घेतले. पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर, अशी तिथे पाटीच होती. आम्ही पाच-पाच लिटरचे दोन कॅन बांधले.

जिस्पाला एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी बारालाचा खिंड ओलांडली. उंची सोळा हजार फुटांच्या आसपास. संध्याकाळी सरचूला तंबूत उतरलो. हे ठिकाण चौदा हजार फुटांवर आहे. आपली कळसूबाई, महाराष्ट्रातली सगळ्यांत उंच, ती ५,४०० फूट.

रात्री नऊला मालकांचे डोके दुखू लागले. अकरा वाजता उलटी झाली. मग पाणीही पोटात ठरेना. शंभर किलोचे पोते एकट्याने पाठीवर घेणारा माणूस, पण तंबूतून बाहेर जाऊन परत येईतो धापा टाकत होता. तंबूवाला लाहौलचा पोरगा. तो म्हणाला, "अंगातल्या ताकदीचा इथं उपयोग नाही. हवा कुणाला लागेल सांगता येत नाही." ते खरेच आहे. तितक्या उंचीवर प्रत्येक श्वासात प्राणवायू फार कमी येतो, आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. ती कुणाला लवकर होते, कुणाला होत नाही. दुखणे वाढले तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी होऊन माणूस दगावतो. तिथे खात्रीचा उपाय एकच, लवकर खाली उतरणे.

सरचूची अडचण अशी, की खाली उतरायलाही आधी चढावे लागते. पुढे लेहकडे गेले तर एकामागून एक खिंडी, आणि शेवटची तांगलांग जवळजवळ साडेसतरा हजार फुटांची. मागे गेले तर एकच बारालाचा, आणि त्यानंतर भराभर उतार. मी रातभर कंदिलाशी बसून हाच हिशेब करत होते. मधूनच त्यांना हाका मारायची, पोरांची नावे विचारायची, उत्तर बरोबर आले की जिवात जीव यायचा. पहाटे मी सांगितले, माघारी जायचे.

"एवढं लांब येऊन माघारी? गावात तोंड काय दाखवायचं?"

"अहो, तोंड राहिलं तर दाखवाल ना!"

मला गाडी चालवता येत नाही. रस्त्यावर उभी राहिले. लेहहून रिकामा परतणारा एक ट्रक थांबला, सरदारजी ड्रायव्हर होते. तंबूवाल्याने चार माणसे बोलावली, फळ्या लावून बुलेट वर चढवली, दोरांनी आवळली. मालक केबिनमध्ये माझ्या खांद्यावर मान टाकून बसले. बारालाचाला त्यांचे ओठ निळसर दिसत होते. सरदारजी बोलत होते, पण माझे लक्ष किलोमीटरच्या दगडांवर. दारच्याच्या खाली आलो आणि दीड दिवसात पहिल्यांदा त्यांनी चहा मागितला. केलाँगच्या दवाखान्यात तपासणी झाली, प्राणवायू दिला, विश्रांती सांगितली. सरदारजींनी डिझेलपुरतेसुद्धा पैसे घेतले नाहीत, फार आग्रह केल्यावर पोरांसाठी म्हणून बेदाण्याची पुडी घेतली. ती आमच्याच बागेच्या मालाची होती.

चार दिवस आम्ही जिस्पाला राहिलो. नदीकाठी थोडे चालायचे, भरपूर पाणी प्यायचे, लवकर झोपायचे. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर पाचव्या दिवशी पहाटे चारला निघालो, आणि सरचूला चहापुरतेच थांबलो. तंबूवाल्या पोराने मालकांना मिठीच मारली. मग गाटाची २१ वळणे, आणि मोरेचे पठार. दोन्हीकडे डोंगर आणि मध्ये चाळीसेक किलोमीटर सपाट माळ, त्यावर एक झाड नाही. तांगलांगवर फोटो काढण्यापुरतेही थांबू दिले नाही मी. रात्री आठला लेह. तेही साडेअकरा हजार फुटांवर आहे, पण तोवर शरीर सरावले होते.

लेहचा राजवाडा, गोंपा, बाजार हे सगळे पाहिले. त्यांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे. आम्ही शेतकरी, आमचा जीव रमला तो निम्मू गावात. इथे सिंधू आणि झंस्कार नद्या मिळतात, आणि दोघींचे रंग काही अंतर वेगळे दिसतात. एका शेतकऱ्याच्या घरी दोन दिवस उतरलो. घरात सत्तरीची म्हातारी होती, तिचा नातू हिंदी जाणणारा.

लेहला वर्षाचा पाऊस सुमारे शंभर मिलिमीटर. आपल्या दुष्काळी तालुक्यातसुद्धा एवढा पाऊस दोन-तीन वळवांतच पडून जातो. तरी तिथे सातू उभा होता, गहू, वाटाणा, बटाटा, लसूणघास होता, छपरांवर जर्दाळू वाळत होते. सगळे डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यावर. ओढ्याचे पाणी दगडी चरातून गावात आणतात, रात्रीचे पाणी वाया जाऊ नये म्हणून 'झिंग' नावाच्या छोट्या तळ्यात साठवतात आणि सकाळी सोडतात. पाणी वाटायला गाव एक माणूस नेमते, त्याला 'चुरपोन' म्हणतात. आपला पाटकरीच म्हणा, पण सरकारी नव्हे. पाळी कुणाची, किती वेळाची, हा त्याचा शब्द. खत घरचेच. वरच्या मजल्यावर कोरडा संडास, त्यात माती-राख टाकायची, खालच्या खोलीत कुजलेले खत वर्षाने शेतात. नाक मुरडण्याआधी तिथला सातू बघावा.

अडचण असते वसंतात. पेरणीला पाणी हवे, आणि वरचे बर्फ अजून वितळलेले नसते. चेवांग नोरफेल नावाच्या इंजिनिअरांनी यासाठी गावाजवळ हिवाळ्यातले पाणी अडवून गोठवायला सुरुवात केली. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात आणखी एक युक्ती केली. वरच्या ओढ्याचे पाणी नळाने खाली आणायचे, उतारामुळे ते कारंज्यासारखे उडते आणि थंडीत गोठून त्याचा उंच शंकू होतो. पंप नाही, वीज नाही. गंजीसारखा उभा असल्याने ऊन कमी लागते, म्हणून तो उशिरा वितळतो आणि नेमके पेरणीला पाणी देतो.

मी म्हातारीला आमच्या बळीराजा धरणाची हकिगत सांगितली. १९८० च्या दशकात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेतली वाळू विकून आणि श्रम करून ते बांधले, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा असे ठरवले. नातवाने ते तिला दोनदा समजावले. तिने विचारले, "पाळी मोडून रात्री बारे फोडणाऱ्याला तुम्ही काय करता?" मालकांनी माझ्याकडे बघितले. मग म्हणाले, "भांडतो." म्हातारी खूप हसली. म्हणाली, इथेही तेच.

येताना कारगिल, द्रास करून झोजिला उतरलो. द्रासला १९९९ च्या युद्धाचे स्मारक आहे, तिथल्या नावांपुढे आम्ही बराच वेळ उभे होतो. श्रीनगर, जम्मू, पुन्हा तीच ट्रकांची रांग. परतीला त्याच भट्टीवर मुक्काम केला आणि येरळाकाठच्या त्या बाईला निम्मूचे जर्दाळू दिले. तिने गावाकडे पोचवायला आईसाठी लुगडे दिले. घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ते नेऊन दिले, कारण तिसऱ्या दिवसापासून बागेत मजूर लावायचे होते.